माघारी वळण्याचे शिक्षण

भाताची कापणी उरकली, खाचरांतली ओल सुकली आणि डोंगरउतारावरचे गवत पिवळे पडू लागले, की मावळात आणखी एक हंगाम सुरू होतो. शनिवारी सकाळी पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमधून पाठीवर भलेमोठे बोचके घेतलेली तरुण मुले-मुली कामशेतला उतरतात. थोड्याच वेळात पवनेच्या आणि वडिवळ्याच्या धरणांभोवतीच्या टेकड्यांवर लाल, निळे, पिवळे पंख फुलू लागतात. गेली काही वर्षे मी या टेकड्यांवर नवशिक्यांना पॅराग्लायडिंग शिकवतो. या काळात एक गोष्ट मी सतत पाहत आलो आहे. मुलांबरोबर आलेले आईवडील, मित्रमंडळी, गुरे राखणारी पोरे, झाडून सगळे जण टेकडीच्या माथ्याकडे डोळे लावून बसलेले असतात. पोरगा हवेत गेला की टाळ्या पडतात. तो खाली कसा उतरतो, कुठे उतरतो, उतरण्यापूर्वी त्याने काय काय पाहिले, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष नसते.

वास्तविक उडणे हा या विद्येचा सोपा भाग आहे. वारा समोरून, बेताचा आणि एकसारखा असेल, तर पंख वर येतो, दहा पावले धावले की पाय सुटतात. उतरणे मात्र प्रत्येकाला प्रत्येक वेळी नव्याने करावे लागते. आणि त्याहूनही कठीण, म्हणून त्याहूनही आधी शिकवायला हवी अशी गोष्ट म्हणजे, ‘आत्ता इथे उतरायचे नाही’ हा निर्णय. विमानाच्या वैमानिकांच्या भाषेत याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. धावपट्टीजवळ आल्यावर काही बिनसले आहे असे दिसले, तर उतरण्याचा हट्ट सोडून इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची, पुन्हा वर जायचे, एक फेरी मारायची आणि सगळे पहिल्यापासून नीट जुळवून यायचे. एवढी साधी गोष्ट. पण ती वेळेवर न केल्यामुळे किती घरे उजाड झाली आहेत, हे विमान अपघातांचे अहवाल वाचले की कळते.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ जणांपैकी १५८ मृत्युमुखी पडले. विमान जास्त उंचीवरून, जास्त वेगाने येत होते. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ करा असे एकदा नव्हे, तीनदा सांगितले होते. त्यानंतर दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोळिकोडला भर पावसात जवळजवळ तशीच घटना घडली. पहिल्या प्रयत्नात विमान न उतरता पुन्हा वर गेले होते. दुसऱ्या प्रयत्नात वारा पाठीमागून असताना ते उतरले आणि सुमारे ८८५० फुटांच्या धावपट्टीवर साधारण ४४०० फूट आत गेल्यावर चाके टेकली. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा बळी गेला. त्या विमानाचे कॅप्टन दीपक साठे हवाई दलातून निवृत्त झालेले, हजारो तासांचा अनुभव असलेले, आपल्या मराठी मुलखातले वैमानिक होते. चौकशी अहवालात त्याही वेळी सहवैमानिकाच्या ‘गो-अराउंड’ या सूचनेचा उल्लेख आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहूनच पुढचे उड्डाण न्यायचे होते आणि तिथे कॅप्टनची संख्या अपुरी होती, याचे दडपण असावे, असेही अहवाल सांगतो.

हे लिहिताना गेलेल्या माणसांकडे बोट दाखवावे असा हेतू अजिबात नाही. उलट, एवढ्या अनुभवी माणसालाही ज्या दडपणातून सुटता आले नाही, ते दडपण नवशिक्याच्या मानेवर कसे बसत असेल, एवढेच सुचवायचे आहे. विमानसुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या ‘फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने या प्रश्नाचा पाठपुरावा केला, तेव्हा असे आढळले की वेग, उंची, दिशा यांचा मेळ न बसलेल्या शंभर प्रयत्नांपैकी जेमतेम तीन वेळा वैमानिक पुन्हा वर जातात. उरलेले सत्त्याण्णव जण तसेच उतरतात. त्यातले बहुतेक सुखरूप उतरतात, आणि खरा घात तिथेच होतो. कारण चुकीचा निर्णय दहादा पचला की माणसाला तो बरोबर वाटू लागतो.

याचे मूळ मला शिकवण्याच्या पद्धतीत दिसते. विमान चालवायला शिकणारा विद्यार्थी सुरुवातीचे कितीतरी तास धावपट्टीभोवती फेऱ्या मारण्यात घालवतो. उडायचे, चौकोनी वळसा घ्यायचा, उतरायचे, चाके टेकताच पुन्हा उडायचे. या सगळ्यात उतरणे म्हणजे यश आणि न उतरणे म्हणजे नापास होणे, असे त्याच्या मनात नकळत ठसत जाते. ‘गो-अराउंड’ त्याला एखाद्या दिवशी दोन-तीनदा करून दाखवतात, वहीत नोंद होते आणि विषय संपतो. मग पुढे कधीतरी एकटा असताना, घाबरलेल्या मनःस्थितीत, ऐन धावपट्टीवर त्याला ते करावे लागते. इंजिनाला एकदम पूर्ण जोर दिला की विमानाचे नाक वर उठू पाहते, विमान एका बाजूला ओढ घेते. ज्याने हे हाताला सवय होईपर्यंत केलेले नाही, तो गोंधळतो. आधी ताकद, मग नाकाचा कोन, मग पंखांच्या झडपा एकेक टप्प्याने आत, आणि सगळे ताब्यात आल्यावर रेडिओवर बोलणे, हा क्रम पाढ्यासारखा पाठ असावा लागतो. पाढे काही गरज पडल्यावर पाठ करत नाहीत.

आमच्या मावळात या बाबतीत एक फार चांगला धडा रोज डोळ्यांसमोर असतो. बोरघाटातून खाली उतरणाऱ्या आगगाड्यांसाठी ‘कॅच सायडिंग’ असते. म्हणजे मुख्य रुळांना फुटलेला, चढावर जाऊन संपणारा एक आडमार्ग. गाडीचे ब्रेक निकामी झाले तर ती त्या चढावर जाऊन थांबावी, अशी योजना. यातली खरी खुबी अशी, की तिथले सांधे एरवी त्या आडमार्गाकडेच वळवलेले असतात. घाट उतरणारी गाडी ठरल्या जागी थांबते, आपण ताब्यात आहोत हे दाखवून देते, तेव्हा कुठे सांधे बदलून तिला मुख्य मार्ग मोकळा करून दिला जातो. गाडी ताब्यात नाही हे सिद्ध करायची गरज नाही, ताब्यात आहे हे सिद्ध करावे लागते. विमानविद्येतही हेच शिकवायला हवे, असे माझे ठाम मत आहे. धावपट्टीकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ‘मी पुन्हा वर जाणार आहे’ असे धरूनच चालावे. वेग बरोबर आहे, उंची बरोबर आहे, दिशा सरळ आहे, धावपट्टी मोकळी आहे, हे सगळे ठरलेल्या उंचीला जमले असेल, तरच त्याने स्वतःला उतरण्याची परवानगी द्यावी.

आता कुणी विचारील, की पॅराग्लायडरला इंजिन कुठे असते? तो पुन्हा वर कसा जाणार? रास्त प्रश्न आहे. पॅराग्लायडर, किंवा पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर उडणारे बिनइंजिनाचे ग्लायडर, यांना उतरण्याची संधी एकदाच मिळते. पण म्हणूनच त्यांच्याकडून विमानवाल्यांनीही शिकण्यासारखे काही आहे. आमच्याकडे माघारी वळण्याची वेळ जमिनीजवळ येत नाही, ती फार आधी येऊन जाते. मी विद्यार्थ्यांना सांगतो, की तुमच्यापुढे तीन दारे आहेत. पहिले दार टेकडीच्या माथ्यावर. वारा बरा वाटत नसेल तर पंख गुंडाळा आणि पायी खाली उतरा. दुसरे दार हवेत, उंची भरपूर असताना. वारा वाढू लागला, ढग दाटू लागले, तर आणखी वर चढण्याचा मोह सोडून मैदानाकडे निघा. तिसरे दार उतरण्याच्या शेतावर, साधारण शंभर मीटर उंचीवर. ठरवलेल्या खाचरात गुरे शिरली असतील, माणसे जमली असतील, वारा फिरला असेल, तर शेजारचे शेत निवडा. या तिसऱ्या दारानंतर चौथे दार नाही. तिथून पुढे निर्णय संपले, फक्त हातापायांचे काम उरले.

याचे गणितही मुलांकडून करून घेतो. पॅराग्लायडर ताशी सदतीस-अडतीस किलोमीटर वेगाने पुढे जातो आणि सेकंदाला मीटरभराहून थोडा अधिक खाली येतो. म्हणजे शंभर मीटर उंचीवर हातात दीड मिनिटसुद्धा नसते. वारा अजिबात नसेल तर तेवढ्या वेळात आठ-नऊशे मीटर अंतर कापता येते. समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा असेल तर जेमतेम चारशे. टेकडीवरून जे शेत हाताशी वाटत होते, ते वाऱ्याने एवढे लांब जाते. हा हिशेब हवेत बसून करता येत नाही, तो टेकडीवर उभे राहून करायचा असतो.

मावळातला वारा तर या बाबतीत मोठा लबाड आहे. हिवाळ्यात सकाळी तो बहुधा पूर्वेकडून, अंगाला जाणवेल न जाणवेल असा येतो. उन्हे चढली की टेकड्यांच्या पोटातून गरम हवेचे लोट उठू लागतात. दुपारनंतर कोकणातला समुद्रावरचा वारा घाट चढून वर येतो आणि तासाभरात दिशाच पालटते. सकाळी पाहिलेल्या वाऱ्यावर दुपारी भरवसा ठेवणाऱ्याची इथे फजिती होते. म्हणून उतरण्यापूर्वी खाली पाहायचे. देवळाच्या शिखरावरचा भगवा कुठे फडकतो आहे, चुलीचा किंवा पेटवलेल्या पाचोळ्याचा धूर कुठे वळला आहे, धरणाच्या पाण्यावर तरंग कोणत्या काठापासून उठत आहेत, हे सगळे वाऱ्याचे निरोपे आहेत. शिवाय मावळभर विजेच्या उच्चदाबाच्या तारा पसरलेल्या आहेत. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले, तेव्हापासून वीज वाहून नेणे हा या मुलखाचा धर्मच झाला आहे. तारा उंचावरून दिसत नाहीत, खांब दिसतात. खांब दिसला की तार आहेच असे समजायचे. आणि एकदा दिसली की तिच्याकडे टक लावून पाहायचे नाही, कारण माणूस जिकडे पाहतो तिकडेच त्याचे हात त्याला नेतात. नवशिका मोकळ्या माळावरच्या एकुलत्या एका बाभळीवर जाऊन अडकतो, तो याच कारणाने.

शेवटच्या पन्नास फुटांत तर मोह आवरण्याचीच परीक्षा असते. शेताचा बांध जवळ येतो आहे असे वाटून मुलगा घाईने वळण घेतो. वळताना पंख कलतो, खाली येण्याचा वेग वाढतो आणि माणूस लोलकासारखा झोक्यात जमिनीवर आदळतो. गुडघे आणि कंबर दुखावण्याचे हे नेहमीचे कारण आहे. त्यापेक्षा सरळ जाऊन बांधापलीकडच्या ढेकळांत उतरणे कितीतरी बरे. वारा समोरून, पंख सरळ, पाय हार्नेसमधून मोकळे, नजर दूर, आणि जमीन पुरुषभर उरली की दोन्ही ब्रेक एकसारखे खाली. यात कौशल्यापेक्षा सवयच अधिक आहे. आणि सवय लागते ती वाईट दिवसाची नव्हे, चांगल्या दिवसाची. म्हणून हवा सुरेख असतानाच मी मुलांना कधी कधी टेकडीवर पूर्ण तयारी करून उभे करतो, आणि मग पंख गुंडाळून खाली चालायला लावतो. परतीची पायवाट ओळखीची असलेला माणूस गरज पडल्यावर तिच्यावर चटकन पाऊल टाकतो.

याला विरोध होतो, नाही असे नाही. एका शनिवारी डोंबिवलीहून मुलाबरोबर आलेले एक गृहस्थ माझ्यावर चांगलेच रागावले. वारा हळूहळू वाढत होता, झुडपे वाकू लागली होती. मी मुलाला थांबवले.

‘‘अहो सर, पहाटे चारला उठून आलोय आम्ही. एकदा तरी उडू द्या त्याला. बाकीचे उडतायत ना?’’ ते म्हणाले.

‘‘काका, ते चार वर्षं उडतायत. याचा आज तिसरा दिवस आहे,’’ मी म्हणालो.

‘‘मग पैसे कशाचे घेता तुम्ही?’’

‘‘त्याला घरी पाठवायचे,’’ एवढेच मी बोललो. मुलाने मात्र एव्हाना पंख गोळा करायला घेतला होता. त्याला पाठ समजला होता.

त्या गृहस्थांना दोष देण्यात अर्थ नाही. शनिवार-रविवारची सुट्टी, भरलेली फी, प्रवासाचा शीण आणि बरोबरच्यांसमोर होणारी पंचाईत, हे सगळे मिळून माणसाला टेकडीवरून ढकलत असते. कोळिकोडच्या विमानातले दडपण आणि कामशेतच्या टेकडीवरचे दडपण यांची जात एकच आहे. द्रुतगती महामार्गावर लोणावळ्याचा फाटा चुकला, तर तळेगावपर्यंत जाऊन परत येण्याऐवजी भरधाव वाहनांच्या तोंडावर गाडी उलटी मागे घेणारे महाभाग आपण पाहतोच. तिथेही वाचणारा वेळ अर्ध्या-पाऊण तासाचा आणि पणाला लागलेले सगळे कुटुंब. पुढे जाऊन परत येणे आपल्याला हार वाटते.

आणि हे मावळात व्हावे, याचे अधिक वाईट वाटते. १६६१ साली कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या घाटाने खाली उंबरखिंडीत उतरला. आत शिरण्यापूर्वी बाहेर पडण्याची वाट त्याने पाहून ठेवली नव्हती. पुढे आणि मागे शिवाजी महाराजांचे मावळे होते. अखेर खंडणी देऊन, सामान टाकून त्याला निघून जावे लागले. ज्या मुलखाने वेळेवर मागे सरण्याला आणि योग्य जागी पुन्हा उभे राहण्याला युद्धशास्त्राचा मान दिला, त्या मुलखाच्या आकाशात माघारीची लाज वाटावी, हे बरोबर नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. विमानाच्या प्रशिक्षणाचा एकेक तास हजारो रुपयांचा असतो. प्रत्येक ‘गो-अराउंड’ची किंमत बापाच्या खिशातून जाते. कर्ज काढून मुलाला वैमानिक करू पाहणाऱ्या घरांना हा बोजा जाणवणारच. तिसरा आक्षेप असा, की सतत माघार शिकवली तर मुले भित्री होतील. माझा अनुभव याच्या उलट आहे. ज्याला परत फिरण्याची वाट माहीत असते, तो अधिक मोकळेपणाने पुढे जातो. घाबरून हात आखडतात ते बाहेर पडण्याची वाट न दिसणाऱ्याचे. खर्चाबद्दल एवढेच म्हणेन, की संस्थांनी सरावाच्या तासांतच हे तास धरावेत, आणि परत वर गेलेल्या विद्यार्थ्याला ‘का गेलास?’ असे कपाळाला आठ्या घालून विचारू नये. ‘बरे केलेस, काय दिसले ते सांग’ असे विचारावे. प्रश्न तोच, पण पहिल्या सुरात विचारला तर मुलगा पुढच्या वेळी वर जाणार नाही.

२०२१ साली राज्य सरकारने साहसी पर्यटनाचे धोरण आणले, नोंदणीची सोय केली, हे चांगलेच झाले. पण नोंदणीच्या कागदावर वारा थांबत नाही. शेवटी टेकडीवरचा शिक्षक ‘आज नाही’ म्हणू शकतो की नाही, यावरच सगळे अवलंबून आहे. आणि त्याला तसे म्हणता यावे, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

म्हणून वाचकांना, विशेषतः मुलांना असल्या शिबिरांना पाठवणाऱ्या पालकांना, माझे सांगणे आहे. शिकवणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा, की गेल्या हंगामात किती दिवस तुम्ही कुणालाच उडू दिले नाहीत? उत्तर चटकन, अभिमानाने आले तर निर्धास्त मुलगा सोपवा. उडालो नाही तर पैसे परत की पुढची तारीख, हे आधी ठरवून घ्या, म्हणजे टेकडीवर त्याची घासाघीस होणार नाही. मुलगी रविवारी रात्री घरी आली आणि ‘आज उडालेच नाही’ म्हणाली, तर हिरमुसू नका. तिने काय पाहिले, कशावरून ठरवले, ते विचारा. आणि पुढच्या वेळी तुम्ही प्रवासी म्हणून विमानात असाल, चाके टेकता टेकता विमान गर्जना करीत पुन्हा वर उठेल, तेव्हा कपाळाला हात लावण्याऐवजी त्या न दिसणाऱ्या वैमानिकाला मनोमन धन्यवाद द्या. त्याला हे कुणीतरी नीट शिकवले आहे. वीस मिनिटे उशीर होईल एवढेच. बाहेर न्यायला आलेली माणसे तेवढी थांबतील.